चौदा नंबरच्या वहीतली आजी

मला पहिल्यांदा बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन, दोन-दोन कप चहा पिऊन, उठता उठता एक प्रश्न विचारून गेले आणि त्या प्रश्नानं आमच्या घराची झोप उडवली. मुलाचा चुलता मोठा बोलका माणूस होता. पायात वहाणा सरकवत तो म्हणाला, "बाकी समदं झ्याक हाय. पोरगी मॅट्रिक शिकल्याली, अक्षर मोत्यावानी. पोरीचं आजुळ तेवढं कुटलं म्हनायचं?" माझी आई रिकाम्या कपबशांचं ताट घेऊन दारात उभी होती. आबा, म्हणजे माझे वडील, उगीचच खोकले. आणि आतून माझ्या आत्याचा, आबांच्या थोरल्या विधवा बहिणीचा, खणखणीत आवाज आला, "तिला कुटलं आलं आजुळ? उसाच्या फडात घावल्याली हाय तिची आय!" चुलत्यानं टोपी नीट केली आणि "कळवतो" म्हणाला. आमच्या पाथर्डीकडे 'कळवतो' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं.

आत्यावर मी आयुष्यभर रागावले, पण तिनं ते वाक्य त्या दिवशी बोललं नसतं तर हे प्रकरण मला लिहायला मिळालं नसतं, हेही खरं. दसरा झाला की आई-आबा टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे, आणि मागं घरात आत्या आणि मी. तिनंच मला वाढवलं, शाळेत घातलं. पहाटे ती जात्यावर बसली की घरघर माझ्या उशीपर्यंत यायची. तिच्या हाताची बाजरीची भाकरी, वर कारळ्याची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं. बाई मनानं वाईट नव्हती, जिभेनं मात्र विंचू होती. आईला ती 'बिनमाहेराची' म्हणायची, तेही सहज, मीठ मागितल्यासारखं. पंचमीला गल्लीतल्या बायकांचे भाऊ न्यायला आले की आई गोठ्यात जाऊन शेण सारवत बसायची. मी लहान असताना मला वाटायचं, आईला सण आवडत नसतील.

आईची हकीकत सगळ्या टोळीला माहीत होती आणि नीट कुणालाच माहीत नव्हती. ती लहान असताना प्रवरेच्या काठच्या एका गावात, गुऱ्हाळावर, तिची आई तापानं गेली. आमच्याकडची एक टोळी तिथं कामाला होती. त्या टोळीतल्या मारुतीबाबांनी पोरीला आपल्या गाडीत बसवून पाथर्डीला आणलं, स्वतःच्या पोरींसारखं वाढवलं आणि 'माझ्या चुलतभावाची लेक' म्हणून तिचं लग्न लावून दिलं. कुठला चुलतभाऊ, त्याचं नाव काय, हे विचारायच्या आत मारुतीबाबा वारले. आईला तिच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. ती तिला 'बय' म्हणायची. आता सहा वर्षांच्या पोरीला आईचं नाव कशाला लागतं? हाक मारायला 'बय' पुरते.

पाहुण्यांनी महिनाभर काही कळवलं नाही. आई दिवसेंदिवस गप्प होत गेली. एका संध्याकाळी भाकऱ्या थापताना म्हणाली, "शके, माज्यापायी तुजं आडलं गं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच मला सहन झालं नाही. मी तिथंच ठरवलं, हिच्या बयचं नाव काढायचं. जगात जो माणूस मेला त्याची कुठंतरी नोंद असणारच. हे मला कसं ठाऊक? त्याला कारण आमच्या गावचा कोतवाल.

कोतवाल तात्या सहीपुरता शिकलेला. पंचायतीचे ग्रामसेवक आठवड्यातून एकदा यायचे. तोवर गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे तात्यानं टिपून ठेवायचं असा रिवाज. तात्याचं टिपण म्हणजे कोंबडी चालून गेल्यागत, म्हणून सातवीपासून तो ते काम माझ्याकडून करून घ्यायचा. ओट्यावर उकिडवा बसून तो सांगायचा आणि मी लिहायची. तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, राहणार कुठला, मरणाचं कारण, आणि शेवटी 'शेरा', म्हणजे बाकी कुठं न मावलेली गोष्ट. एकदा आमच्या शिवेत एक फिरस्ता बैरागी मेला. मी म्हटलं, "तात्या, ह्याचं कशाला लिहायचं? हा आपल्या गावचा थोडाच?" तात्या असा चिडला की बस. म्हणाला, "ए पोरी, गावच्या शिवंत मेला त्यो गावाचा. राजा आसू दे न्हाईतर भिकारी. पूर्वी चौदा नंबरची वही हुती, माजा बा त्यात कुत्र्यासारका मेलेला मानूसबी लिवायचा. सरकारात न्हेऊन ठिवल्यात त्या वह्या." गाव नमुना नंबर चौदा. जन्म-मृत्यूची वही. माझ्या आयुष्यात मी पुढं पुष्कळ शिकले, पण एवढं मोलाचं वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

मी आबांना सांगितलं, तर ते आधी हसले. "मजुराच्या बायकुचं कोन लिवतंय?" मग खरंच काही निघेल असं त्यांना वाटायला लागलं आणि ते घाबरले. "शके, उकरलं की काय निगंल सांगता येत न्हाई. हाय ते झाकल्यालं बरं." आत्याची भीती उघड होती. "कुनाची कोन निगायची, आन् समद्या भावकीत त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई!" जातीचंच होतं ते, दुसरं काय. दोघं बोलत होती आणि आई मध्ये धान्य निवडत बसली होती. मी सरळ तिला विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" तिला असं कुणी विचारलेलं नसावं. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "काय निगंल ते निगू दे. कुनाच्या पोटची हाय त्ये तरी कळंल." झालं. आबा दुसऱ्या दिवशी एसटीची वेळ बघून आले.

पण शोधायचं कोणतं साल? आईला तिचं स्वतःचं वय माहीत नव्हतं. बय गेली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते, म्हणजे सहा-सात वर्षांची. आणि त्या वर्षी संक्रांतीला तिला तिळगूळ कुणी दिला नाही, हे तिच्या पक्कं लक्षात होतं. म्हणजे बय संक्रांतीच्या थोडी आधी, पौषात गेली. लग्नाचा दाखला असा आमच्याकडं नव्हताच. आबांच्या चुलत्याच्या पोथीच्या मागच्या पानावर मात्र एक ओळ होती, लग्नाची तिथी आणि 'सौ. सुभद्रा, मारुतीची कन्या'. तीवरून मागं मोजत मोजत मी पाच वर्षांचा पल्ला धरला. त्या ओळीत किती घोळ होता ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. सुभद्रा हे नाव लग्नात ठेवलेलं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून. आमच्याकडं पोरीचं नाव सासरी बदलतात आणि मग पहिलं नाव जुन्या लुगड्यासारखं फाटून जातं; आईचं पहिलं नाव विचारायचं मलाही सुचलं नाही. बाप म्हणून लिहिलेले मारुतीबाबा तर बापच नव्हते. आज कुणी मला घराण्याचा इतिहास कसा काढावा म्हणून विचारलं, तर मी आधी एवढंच सांगते, बायकांच्या बाबतीत लग्नाच्या कागदावर एकदम भरवसा ठेवू नका.

नगरला गाडी बदलून आम्ही संगमनेरला गेलो. कचेरीतल्या दप्तरखान्यात पिवळ्या फडक्यांत बांधलेल्या वह्या होत्या, आणि आबांनी नाव ऐकून ठेवलेल्या त्या गुऱ्हाळाच्या गावाच्या वह्या मिळाल्याही. मी मोठ्या ऐटीत पहिलं पान उघडलं आणि माझं तोंड उतरलं. सगळं मोडीत! एका रेघेला टांगलेली नुसती वळणं. माझं मोत्यासारखं अक्षर तिथं काय कामाचं? कारकून म्हणाला, "बाहेर व्हरांड्यात गुरुजी बसलेत बघा, मोडी वाचतात." गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर पानाचा डबा. त्यांनी विचारलं, "मयताचं नाव?" मी म्हटलं, "माहीत नाही." "नवऱ्याचं?" "माहीत नाही." "साल?" "पाचांपैकी एक." गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "मुली, तुला मग माहीत आहे तरी काय?" "ती मेली एवढं माहीत आहे," मी म्हटलं. ते खो खो हसले आणि आत येऊन बसले.

मी त्यांना सांगितलं, 'राहणार तालुका पाथर्डी' असलेली बाई शोधा. दोन दिवस ते बोट फिरवत होते. पाथर्डीकडचे दोन पुरुष निघाले, एक तान्हं मूल निघालं, बाई नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा म्हणाले, "चल घरी. म्या म्हनलं हुतं." आम्ही व्हरांड्यात भाकरी सोडली. शेजारी अकोल्याकडच्या डोंगरातली एक म्हातारी कशाच्या तरी कामाला येऊन बसली होती. तीही डबा सोडत होती. डब्यात भात होता, आणि ती नातीला सांगत होती की आवणी झाली की मग तुझ्याकडे येते. आवणी म्हणजे भाताची लावणी. माझ्या हातातला घास हातातच राहिला. हा शब्द मी आईखेरीज कुणाच्या तोंडी ऐकला नव्हता. आमच्या कोरड्या मुलखात भात कुठला आणि लावणी कुठली? पण आई मला झोपवताना काहीबाही पुटपुटायची त्यात आवणी असायची. ताप आला की सगळं घर बाजरीची कण्हेरी करायचं, आई कुठून तरी मूठभर तांदूळ पैदा करून पेज करायची. आत्या म्हणायची, नखरे! मी तशीच खरकट्या हातानं आत पळाले. "गुरुजी, पाथर्डी सोडा! पौषात मेलेली प्रत्येक बाई वाचा, राहणार कुठलीबी असू दे!"

तिसऱ्या वर्षाच्या वहीत ती होती. गुरुजी आधी मनात वाचत होते, मग थांबले, आणि सावकाश मोठ्यानं वाचू लागले. "भागा कोम सखाराम." कोम म्हणजे अमक्याची बायको, त्यांनी सांगितलं. "राहणार उंबरदरा, तालुका अकोले. वय अजमासे पंचवीस. ताप." मग त्यांचं बोट शेऱ्याच्या रकान्यात गेलं. "मयताजवळ मुलगी नामे येसू, वय सहा, मिळाली. वारस हजर नाही. सबब पाथर्डीकडील टोळीतील इसम मारुती याचे ताब्यात दिली." मी आबांकडं बघितलं. एवढा गाडीवान माणूस, टायरगाडीचं जू एका हातानं उचलणारा, भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. "येसू," ते म्हणाले. "वीस वरसं संसार केला, आन् मला नाव ठावं न्हवतं गं." ज्या कुण्या कोतवालानं ती ओळ लिहिली त्याला मी आजही रोज हात जोडते. ओळखीची ना पाळखीची एक परमुलखातली बाई, पण त्यानं तिचं गाव लिहिलं, लेकीचं नाव लिहिलं. त्यानं आळस केला असता तर?

अर्जावर तिकीट लावून नक्कल घेतली, गुरुजींनी ती बाळबोधीत उतरवून दिली. पैसे घेईनात. म्हणाले, "तुझ्या लग्नात जेवायला बोलव." घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि आई परसात चूल फुंकत होती. वाटभर मी ठरवलं होतं, असं सांगू, तसं सांगू. सगळं विसरले. दारातूनच हाक मारली, "येसू!" आईनं फुंकणी खाली ठेवली. तिनं मागं वळून जे बघितलं ते सहा वर्षांच्या पोरीनं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "कोन हाय?" मी तिच्यापाशी जाऊन बसले आणि कागद वाचला. तीनदा वाचला. चौथ्यांदा ती म्हणाली, "नुसतं बयचं नाव वाच." मी वाचलं, "भागा." आई म्हणाली, "भागा," आणि मग कितीतरी वेळ तोंडातल्या तोंडात तेच.

आत्यानं पहिला प्रश्न कोणता केला असेल? बरोबर. "जातीच्या रकान्यात काय हाय?" मी तोंड वाईट करून सांगितलं, "आत्या, तेवढाच रकाना वाळवीनं खाल्लाय बघ." तो खाल्लेला नव्हता. चांगला ठळक होता. पण त्यात काय होतं ते मी आत्याला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. बाळबोधीत उतरवतानाच तेवढी जागा गुरुजींनी आपणहून कोरी सोडली होती. शहाणा माणूस. पुढं आठवड्यानं तो बोलका चुलता परत आला, कुठून तरी कानावर गेलं होतं. म्हणाला, आजुळ सापडलं म्हनं, मग आता बोलनी उरकून टाकू. आबा कधी कुणाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, पान दिलं आणि शांतपणे म्हणाले, "आमी कळवतो." मला वाटलं, उठून त्यांच्या गळ्यात पडावं. आणि आत्या, ती विंचवाची नांगी, आतून म्हणाली, "च्या ठिवू नगासा. पाव्हनं निगाल्यात."

उंबरदऱ्याला आई, आबा आणि मी गेलो. अकोल्यापासून पुढं एसटी जिथं थांबायची तिथून दोन तास चढण. भाताची खाचरं उतरंडीसारखी एकाखाली एक. एका वळणावर आम्ही कुणाला वाट विचारायच्या आत आई आपसूक डावीकडं वळली. भागाबाईचा थोरला मुलगा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, बय मजुरीला गेली तेव्हा त्याच्या आजीनं मागं ठेवून घेतलेला, तिथं नांदत होता. चाळिशीच्या आत-बाहेरचा, काटक. त्यानं कागद वाचून घेतला, आईला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. "आमची येसू बयसंग मेली. तसाच सांगावा आल्ता." मग मी गावच्या पाटलाकडून, सरकारात न जाता मागं राहिलेली, जन्माची जुनी वही मागवली. गुरुजींच्या नादानं मला तोवर चार मोडी अक्षरं लागायला लागली होती. सखारामाच्या घरी जन्मलेली मुलगी निघाली, वहीत नाव नव्हतं, नुसतं 'स्त्री'. पण मृत्यूच्या वहीतल्या वयाशी साल तंतोतंत जुळलं, आणि संगमनेरच्या वहीत येसू मेल्याची ओळ नव्हतीच. मामानं पुढं येऊन आईचा हात धरला. म्हणाला, "येसे, आगं, सर्वपित्रीला दर साली तुज्या नावानं पान वाढतोय गं मी. कावळं खात्यात."

आईनं पदरानं डोळे पुसले. माझी गप्प गप्प, गोठ्यात शेण सारवणारी आई. ती म्हणाली, "लई वरसं कावळ्यांनी खाल्लं. आता मला वाड." सगळं घर रडता रडता हसायला लागलं. मामीनं भात टाकला. आईनं त्या दिवशी पोटाला तडस लागेपर्यंत भात खाल्ला, आणि मला अजून वाटतं की तिला तिच्या आयुष्यात पहिल्यांदा पोटभर जेवताना मी त्या दिवशी बघितलं. पुढच्या वर्षी माझं लग्न दुसऱ्या घरी ठरलं. मामा डोंगर उतरून आला आणि माझ्या पाठीशी उभा राहिला. गुरुजीही आले, दोन वेळा जिलेबी मागून घेतली.

त्यानंतर मी किती घराण्यांच्या वंशावळी जुळवून दिल्या त्याची मोजदाद नाही. नातवंडं आता फोनवर दाखले काढतात. काढा बाबांनो, पण वहीचा तो शेवटचा शेऱ्याचा रकाना तुमच्या फोनवर येत नाही, एवढं म्हातारीचं ऐका. आत्या गेली तेव्हा तिची नोंद मीच करवली. बिचारीचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहायला लावली, तिला राग आला असता तरी.

आई चार वर्षांपूर्वी गेली, झोपेतच, पिकलं पान. मृत्यूची नोंद करायला मी स्वतः ग्रामपंचायतीत गेले. नात म्हणत होती, मी भरते फॉर्म. मी म्हटलं, हे एक काम माझं. कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी चटपटीत होती. मयताचं नाव, पतीचं नाव भराभर टाईप केलं. मग 'मयताच्या आईचे नाव' आलं आणि माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "आजी, इतक्या जुन्या माणसांचं कुणाला माहीत नसतं. 'माहिती नाही' टाकते." मी काउंटरवर हात आपटला. "टाकू नकोस. लिही. भागाबाई सखाराम. राहणार उंबरदरा, तालुका अकोले." ती दचकली. म्हणाली, "गाव लिहायला जागा नाही आजी, फक्त नाव बसतं." "मग नाव लिही." तिनं लिहिलं. मी चष्मा लावून पडद्यावर काना-मात्रा तपासली आणि मग तिला बटण दाबू दिलं. दाखला हातात आला तो अजून कोमट होता. पंचायतीच्या पायरीवर उभं राहून मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला. आईच्या आईचं नाव आलं तिथं आणखी मोठ्यानं. पारावरची माणसं माना वळवून बघायला लागली. म्हटलं, बघू देत.